मराठी माध्यमातून आलेली मुलं, इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष आणि न कळणारी वाक्यं

गोदाकाठ | १४ सप्टेंबर, रात्री ९.४०

नमस्कार. मराठवाड्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी पहिल्या वर्षाला इंग्रजी शिकवते. वेळापत्रकात त्याला 'कम्युनिकेशन स्किल्स' म्हणतात. अकरा वर्षं झाली. त्यातली पहिली नऊ वर्षं मी सगळी मेहनत बोलण्यावर घेतली: स्वतःची ओळख करून द्या, मुलाखतीत कसं बसायचं, टेलिफोनवर कसं बोलायचं. मुलं ते पाठ करून छान म्हणायची. आणि तीच मुलं जानेवारीत चार-चार केट्या (नापास झालेले विषय) घेऊन समोर बसायची.

आमच्याकडची बहुतेक मुलं दहावीपर्यंत मराठी किंवा सेमीतली. अकरावी सायन्सला सगळं इंग्रजीतून होतं हे खरं, पण ती दोन वर्षं क्लासच्या नोट्स आणि सीईटीचे एमसीक्यू यांवर निघून जातात. चारांतला एक पर्याय ओळखायला पूर्ण वाक्य वाचावं लागत नाही. आकडे आणि एकक दिसलं की सूत्र आठवतं. त्यामुळे लांब इंग्रजी वाक्याशी या मुलांची पहिली खरी गाठ पडते ती इंजिनिअरिंग मेकॅनिक्सच्या पेपरात, अठराव्या वर्षी.

दोन वर्षांपूर्वी माझे सहकारी मेकॅनिक्सच्या चाचणीचे पेपर तपासत होते. एका मुलाने एक गणित कोरं सोडलं होतं. सरांनी त्याला बोलावून तेच गणित मराठीत सांगितलं. त्याने उभ्या उभ्या फ्री बॉडी डायग्राम (वस्तूवरची सगळी बलं दाखवणारी आकृती) काढली आणि पाच मिनिटांत उत्तर आणलं. मी शेजारच्या टेबलावर होते. त्या दिवसापासून मी त्या विषयाचे पेपर घरी नेऊन प्रश्नांची वाक्यं वाचायला लागले. एक नमुना देते:

'फाइंड द फोर्स रिक्वायर्ड टू कीप द ब्लॉक प्लेस्ड ऑन द इन्क्लाइन्ड प्लेन फ्रॉम स्लायडिंग डाऊन.'

यातला एकही शब्द मुलांना नवा नाही. मी शब्दशः तपासलं, सगळ्यांना सगळे अर्थ येत होते. पण मराठीत आपण म्हणतो, "उतारावर ठेवलेला ठोकळा खाली घसरू नये म्हणून लागणारं बल काढा." आपलं 'ठेवलेला', आपलं 'लागणारं' नामाच्या आधी येतं आणि क्रियापद सगळ्यात शेवटी. इंग्रजीत नाम आधी येऊन बसतं आणि त्याचं वर्णन मागे शेपटीसारखं लांबत जातं, शेपटीला आणखी शेपटी. शाळेत 'प्लेस्ड' म्हणजे भूतकाळ एवढंच शिकवलेलं असतं. म्हणून मुलं वाचतात, "ठोकळ्याने ठेवलं." काय ठेवलं, कुठे ठेवलं, याचा मेळ लागत नाही आणि मूल पुढच्या प्रश्नाकडे जातं.

दुसरी अडचण ओळखीच्या शब्दांची. मोमेंट म्हणजे क्षण हे पाचवीपासून पाठ, मग 'मोमेंट ऑफ अ फोर्स' म्हणजे बलाचा क्षण? सॉल्यूशन म्हणजे केमिस्ट्रीत द्रावण, गणितात उकल. पॉवर एकीकडे शक्ती, दुसरीकडे घात. ज्या मुलीने नववीत त्वरण, संवेग, जडत्व या गोष्टी मराठीतून नीट समजून घेतल्या आहेत तिला हे कुणीतरी जोडून द्यायला हवं ना? तिच्याकडे ज्ञान आहे, फक्त त्यावरच्या पाट्या बदलल्या आहेत.

म्हणून विचारते. तुमच्यापैकी जे या वाटेने गेले, त्यांना वाक्य कळायला नक्की कशामुळे लागलं? 'पेपर वाचा, बातम्या ऐका' हे मीही नऊ वर्षं सांगितलंय. त्यापलीकडचं सांगा.

---

रानवाट | १४ सप्टेंबर, रात्री १०.२५

ताई, अगदी माझीच गोष्ट लिहिलीत. दहावी १९९६, सातारा जिल्हा. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, पहिलीपासून ते २००० साली आलं. डिप्लोमाला शब्दकोश घेऊन बसायचो. एका पानाला दीड तास. शब्दावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहून पान काळं व्हायचं आणि पान वाचून संपलं तरी हाती काही लागायचं नाही.

मला वाक्य कळायला लागलं ते नोकरीत, मशीनच्या मॅन्युअलवरून. 'लूझन द लॉकनट बिफोर टर्निंग द ॲडजस्टिंग स्क्रू.' मी आधी स्क्रू फिरवला, तो हलेना. परत वाचलं. 'बिफोर'च्या पुढे जे लिहिलंय ते नंतर करायचं आहे, हे त्या दिवशी हाताला कळलं. मराठीत आपण "स्क्रू फिरवण्याआधी लॉकनट सैल करा" म्हणतो, म्हणजे शब्द उलट्या क्रमाने येतात. मॅन्युअल चुकीचं वाचलं की मशीन लगेच सांगतं. पुस्तक तसं सांगत नाही, ते निकालाच्या दिवशी सांगतं.

तुमच्या मुलांना पहिल्या महिन्यात वर्कशॉपमधल्या खऱ्या मशीनचं मॅन्युअल द्या. त्याप्रमाणे हाताने करून दाखवा म्हणावं.

---

चाफेकळी | १४ सप्टेंबर, रात्री ११.०५

थोडा वेगळा मुद्दा मांडते, राग मानू नका. मी पुण्यात भरतीचं काम करते, वर्षाला पंधरा-वीस कॉलेजांत जाते. तुम्ही बोलणं सोडून वाचनावर आलात हे वाचून काळजी वाटली. जीडीत (गटचर्चेत) लातूर-बीडची हुशार पोरं गप्प बसून राहतात आणि त्यांच्याहून कच्ची मुलं बोलून निघून जातात. मी स्वतः परभणीची आहे, मला ते बघवत नाही. पेपर सुटला तरी तोंड उघडलं नाही तर चार वर्षांनी काय?

---

गोदाकाठ | १५ सप्टेंबर, सकाळी ७.१०

@चाफेकळी, राग कशाला. पण मुलगा चौथ्या वर्षापर्यंत पोचला तर तुमच्यासमोर बसेल ना? माझ्या वर्गातली कितीतरी मुलं दुसऱ्या वर्षाच्या आतच वायडी होतात, म्हणजे त्यांचं वर्ष वाया जातं. त्यांचे वडील येऊन विचारतात, "मॅडम, पोरगा बारावीपर्यंत पहिला यायचा, इथं काय झालं?" त्या माणसाला मी काय उत्तर देऊ? बोलणं सोडलेलं नाही मी. फक्त पहिल्या सहामाहीत ते मागे ठेवलंय.

@रानवाट, मॅन्युअलची कल्पना उद्याच वर्कशॉपच्या सरांना सांगते.

---

कोरडवाहू_०७ | १५ सप्टेंबर, दुपारी २.३०

मॅडम मी एफईला (इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला) आहे, तुमच्या कॉलेजचा नाही. सगळा धागा वाचला. माझं असंच होतं. परवा युनिट टेस्टमध्ये होतं, 'फाइंड द लीस्ट व्हॅल्यू ऑफ पी टू प्रिव्हेंट मोशन, प्रोव्हायडेड दॅट द पुली इज फ्रिक्शनलेस.' प्रोव्हायड म्हणजे पुरवणे. मला वाटलं पुली दिलेली आहे, पण आकृतीत घर्षणाचा आकडा शोधत बसलो. नंतर वर्गात विचारलं तर सर म्हणाले, हे बारावीचं इंग्रजी आहे, इथे विचारायचं नाही.

प्रॅक्टिकलच्या ओरलला पण, एक्स्टर्नलनी विचारलं तीन रीडिंग्जचा 'मीन' (सरासरी) का घेतला. मीन म्हणजे अर्थ एवढंच डोक्यात आलं. जर्नलमध्ये मीच काढलेला होता तो. गप्प उभा राहिलो. बाहेर आल्यावर आठवलं.

पोस्ट पहिल्यांदाच करतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

---

गोदाकाठ | १५ सप्टेंबर, दुपारी ४.१५

बाळा, काहीही चुकलेलं नाही. आणि शंका विचारली होतीस ती योग्यच होती.

'प्रोव्हायडेड दॅट' ही जोडी एकत्र आली की पुरवणं विसरायचं. अर्थ आहे 'या अटीवर की'. म्हणजे पुलीत घर्षण नाही असं धरून पी काढ. असे आणखी काही शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव: 'अनलेस' म्हणजे 'नसेल तर'. 'व्हेअरॲज' म्हणजे 'याउलट'. 'हेन्स' म्हणजे 'म्हणून', पण प्रश्नात 'हेन्स फाइंड' आलं की 'आत्ता जे सिद्ध केलंस त्याचाच वापर करून काढ', नव्याने सुरुवात करायची नाही. 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे 'अनुक्रमे'. आमच्या एका मुलीने ते 'आदरपूर्वक' असं वाचलं होतं, आणि शाळेत रिस्पेक्टचा तेवढाच अर्थ शिकवलेला असताना तिने दुसरं काय वाचावं?

आता वाक्य कसं फोडायचं ते. एक, क्रियापद शोध आणि त्याखाली रेघ मार. प्रश्नात ते बहुधा पहिलाच शब्द असतं: फाइंड, डिराइव्ह, स्टेट, जस्टिफाय. दोन, 'काय काढायचंय' त्या एका नामाला गोल कर. तुझ्या वाक्यात 'व्हॅल्यू ऑफ पी'. तीन, उरलेलं सगळं त्या नामाची शेपटी आहे, ती शेवटाकडून पुढे वाचत ये. शेवटाकडून वाचलंस की आपोआप मराठी वाक्य तयार होतं. करून बघ आणि इथेच लिही.

---

जुनापिंपळ | १५ सप्टेंबर, रात्री ८.५०

मी निवृत्त प्राध्यापक. ऐंशीच्या दशकात हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेत प्रशिक्षण घेतलं. संस्था १९५८ची, आज तिला इफ्लू विद्यापीठ म्हणतात. गोदाकाठ यांनी जे लिहिलंय त्यावर शंभर वर्षांपूर्वी आपल्याच उपखंडात वाद झालेला आहे, म्हणून सांगतो.

मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालय चालवत. १९२०च्या दशकात त्यांनी बंगाली मुलांची पाहणी करून मत मांडलं की या मुलांना सर्वांत आधी गरज आहे ती इंग्रजी वाचता येण्याची, बोलणं त्यानंतर. त्या काळी प्रतिष्ठित मत नेमकं उलटं होतं. वेस्ट यांनी नुसतं मत मांडलं नाही, वाचनमाला केल्या. थोडे, नेहमी लागणारे शब्द घ्यायचे, एका पानावर नवे शब्द मोजके, आणि तेच शब्द पुढे पुन्हा पुन्हा येतील अशी रचना. १९५३ साली त्यांची सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध झाली.

त्यापुढचं पाऊल २००० साली न्यूझीलंडमध्ये ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी टाकलं. विद्यापीठातल्या सर्व विषयांच्या पुस्तकांत सामाईक आढळणारी ५७० शब्दकुलं त्यांनी वेगळी काढली, वेस्ट यांचे शब्द वगळून. 'अज्यूम', 'डिराइव्ह', 'कॉन्स्टंट', 'रिक्वायर' अशी मंडळी. विद्यापीठीय मजकुरात साधारण दहा शब्दांत एक शब्द यांतला असतो. विषयाचे शब्द विषयाचा शिक्षक शिकवतो, रोजचे शब्द शाळेने शिकवलेले असतात. हे मधले शब्द मात्र कुणीच शिकवत नाही. कोरडवाहू यांचं 'प्रोव्हायडेड' तसं रोजच्या शब्दांतलं, पण त्याचा 'अट' हा अर्थ अशाच फटीत पडला.

चाफेकळी, आपल्यासाठीही एक गोष्ट. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर आणि मद्रासकडच्या शाळांत प्रयोग केला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना कामं दिली: रेल्वेचं वेळापत्रक वाचून प्रवास ठरवा, नकाशावरून रस्ता शोधा. लक्ष अर्थावर असलं की भाषा त्या ओघात शिकली जाते, ही त्यामागची भूमिका. रानवाट यांच्या लॉकनटने त्यांना तेच शिकवलं.

---

नेकारकाठ | १६ सप्टेंबर, पहाटे १.२०

जर्मनीतून लिहितोय. मूळचा कोल्हापूरचा. इथे परदेशातून बारावी करून आलेल्या आणि थेट प्रवेशाला पात्र नसलेल्या मुलांसाठी 'श्टुडिएनकोलेग' असतं, साधारण दोन सेमिस्टरचं. माझी भाची सध्या तिथे आहे. तांत्रिक शाखेला जाणाऱ्यांचा वेगळा वर्ग, त्याला टी-कोर्स म्हणतात. त्यात जर्मन भाषा, आणि सोबत गणित-भौतिकशास्त्र, तेही जर्मनमधूनच. भाषेच्या तासाला भौतिकशास्त्राची वाक्यं असतात. शेवटी परीक्षा, मग विद्यापीठ.

ती पहिल्या महिन्यात रडत होती. आता म्हणते, "मामा, गणित मला येतच होतं, त्यांनी मला ते जर्मनमध्ये वाचायला एक वर्ष दिलं." आपल्याकडे हे वर्ष कुणी देत नाही. निदान एक महिना तरी द्यावा. प्रवेश लांबतात, मुलं घरी बसून असतात. तो काळ वापरता येणार नाही का?

---

ठिणगी | १६ सप्टेंबर, सकाळी ९.००

इतका द्राविडी प्राणायाम कशासाठी? मराठीतून इंजिनिअरिंग द्या, विषय संपला. २०२१ पासून एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) प्रादेशिक भाषांना परवानगी आहे. २०२३ला यूजीसीनेही विद्यापीठांना सांगितलं की अभ्यासक्रम इंग्रजी असला तरी उत्तरं स्थानिक भाषेत लिहू द्या. जपान, जर्मनी स्वतःच्या भाषेत शिकतात. आपली मुलं परक्या वाक्यांच्या शेपट्या का मोजत बसतील?

---

रानवाट | १६ सप्टेंबर, सकाळी ९.४५

@ठिणगी, मराठीतून शिकवायला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण आज जो पोरगा वर्गात बसलाय त्याचं काय? उत्तर मराठीत लिहिलं तरी प्रश्न वाचायचा आहेच. आणि कारखान्यात येणारं मॅन्युअल, डेटाशीट इंग्रजीत येतं. मराठीतून समजून घेणं आणि इंग्रजी वाचता येणं ही एकमेकांच्या विरोधातली कामं नाहीत. मला संवेग मराठीतून कळला होता म्हणूनच मोमेंटम लवकर कळला.

---

प्राणहिता | १६ सप्टेंबर, दुपारी १.१५

मी भामरागड तालुक्यातली. घरी माडिया बोलतो. आश्रमशाळेत गेले तेव्हा मराठी येत नव्हती, पहिलीतलं वर्षभर नुसती बघत बसायचे. मराठी तिसरी-चौथीत जमली. बारावी सायन्स करून बीएस्सी केलं, आता एमएस्सीला आहे.

सगळे म्हणताय मराठीचा आधार द्या. बरोबर आहे. पण आमच्यासारख्यांना मराठीही शिकावी लागली आहे. बाईंनी 'अनुक्रमे' म्हणून सांगितलं असतं तर मला तेही कळलं नसतं. मला आकृतीने कळायचं. बीएस्सीला एक मॅडम होत्या, त्या प्रत्येक वाक्याची आकृती काढायला लावायच्या. वाक्य वाच, चित्र काढ, मग चित्राकडे बघून वाक्य परत सांग. कुठल्याही भाषेत सांग. पहिल्यांदा मी माडियात सांगितलं. वर्गात कुणालाच कळलं नाही, पण मॅडमनी चित्र बघितलं आणि म्हणाल्या, बरोबर आहे.

गोदाकाठताई, तुमच्या वर्गात लमाणी बोलणारी, भिलोरी बोलणारी मुलं असतील. एकदा विचारून बघा घरी कोणती भाषा आहे. आम्ही आपणहून सांगत नाही.

---

गोदाकाठ | १६ सप्टेंबर, रात्री १०.३०

प्राणहिता, तुमची पोस्ट दुपारपासून चार वेळा वाचली. अकरा वर्षांत मी हा प्रश्न एकदाही विचारला नाही. आज शेवटच्या तासाला विचारला. सहा हात वर आले, चार बंजारा तांड्यांवरचे, दोन तेलुगू. त्यातला एक वर्गात पहिल्या बाकावर बसतो आणि मी त्याला 'मराठी माध्यमवाला' समजत होते.

चित्राची पद्धत सोमवारपासून घेते.

---

चाफेकळी | १७ सप्टेंबर, सकाळी ८.२०

मी माझा मुद्दा सोडत नाही, पण थोडा बदलते. 'माझी ओळख' पाठ करून म्हणण्यापेक्षा, मुलाने एक गणित वाचायचं, चित्र काढायचं आणि शेजारच्याला मोडक्या इंग्रजीत समजवायचं. त्यात बोलणंही आलं. मुलाखतीत आम्ही शेवटी हेच विचारतो: तुझा प्रोजेक्ट समजावून सांग. ज्याला वस्तू कळलेली असते तो चुकीच्या व्याकरणात सांगतो आणि आम्हाला समजतं. पाठ केलेलं तिसऱ्या वाक्याला तुटतं.

महिन्यातून एक शनिवार मी ऑनलाइन बसायला तयार आहे. ताई, निरोप टाकलाय.

---

कोरडवाहू_०७ | १७ सप्टेंबर, रात्री ११.५०

मॅडम, तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. आज ट्रसच्या (दांडे, म्हणजे मेंबर्स, जोडून केलेल्या सांगाड्याच्या) गणितांचं वाक्य होतं.

'डिटरमाइन द फोर्सेस इन द मेंबर्स ऑफ द ट्रस लोडेड ॲज शोन. अनलेस अदरवाइज स्टेटेड, नेग्लेक्ट द सेल्फ-वेट ऑफ द मेंबर्स.'

रेघ: डिटरमाइन. गोल: फोर्सेस. मागून वाचलं: आकृतीत दाखवल्याप्रमाणे लोड दिलेल्या ट्रसच्या मेंबर्समधली बलं काढा. दुसरं: वेगळं काही सांगितलेलं नसेल, तर मेंबर्सचं स्वतःचं वजन धरू नका.

'लोडेड' भूतकाळ नाही, 'लोड दिलेला'. 'प्लेस्ड'सारखंच. बरोबर ना?

---

गोदाकाठ | १८ सप्टेंबर, सकाळी ६.३५

बरोबर. दोन्ही वाक्यं. आता ट्रसचं ते गणित सोडव, आणि उद्या पुढचं वाक्य टाक.